शिष्यवृत्ती हा आपला हक्क. पण हक्कालाही कागद लागतो

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांमध्ये दोन-तीन दिवस आनंदाचे असतात. पेढे वाटले जातात, विहारात मुलामुलींचा सत्कार होतो, बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालून पुढारी भाषणे करतात. चौथ्या दिवशी घरात एकच प्रश्न उभा राहतो : पुढच्या शिक्षणाला पैसे कुठून आणायचे? काही घरांत या प्रश्नावर फार चर्चाही होत नाही. मुलगा मुकाट्याने बापाबरोबर कामाला जाऊ लागतो. मुलीला स्थळ पाहायला सुरुवात होते. ज्या मुलाला इंजिनिअर व्हायचे होते तो दुकानात नोकरी धरतो, आणि चार वर्षांनी कोणी विचारले तर "परिस्थिती नव्हती" एवढेच सांगतो.

आम्हाला या घरांशी बोलायचे आहे. परिस्थिती नव्हती हे खरे. पण परिस्थिती नसलेल्यांसाठीच ज्या योजना झाल्या त्या आपल्यापर्यंत पोचल्या का, हेही विचारले पाहिजे. पुष्कळदा योजना असते, मुलगा पात्र असतो, पण उत्पन्नाचा दाखला जुना असतो, किंवा जात वैधता प्रमाणपत्र वेळेवर मिळत नाही, किंवा अर्जाची तारीख निघून गेल्यावर बातमी कळते. एका कागदावाचून वर्ष बुडते. असे वर्ष बुडू नये म्हणून हा लेख.

बाबासाहेबही शिष्यवृत्तीवर शिकले

शिष्यवृत्ती मागायला काही पालकांना संकोच वाटतो. "लोक काय म्हणतील, सरकारचे फुकट खातात म्हणतील," असे त्यांच्या मनात असते. महाविद्यालयाच्या खिडकीवर नावापुढे जात वाचली जाते, तेव्हा मुलांनाही मान खाली घालावीशी वाटते. या मुलांना आम्ही सांगू इच्छितो की ज्यांच्या विद्वत्तेपुढे जग नमले, ते परमपूज्य बाबासाहेबही शिष्यवृत्तीच्या पैशावरच शिकले.

एल्फिन्स्टन कॉलेजात असताना भीमरावांना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडून दरमहा २५ रुपये मिळत. पुढे १९१३ साली त्याच महाराजांनी त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविले. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची, असा करार त्यांनी लिहून दिला होता. १९१६ मध्ये ते लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून त्यांना परत यावे लागले. मग त्यांनी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसा साठविला, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये उसने दिले, तेव्हा १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. १९२१ मध्ये एम. एस्सी. आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. ही पदवी त्यांनी मिळविली. इकडे माता रमाई काटकसरीने घर सांभाळीत होत्या, हे आपल्या भगिनींना वेगळे सांगायला नको.

पैसा मध्येच आटला म्हणजे काय होते, हे बाबासाहेबांनी स्वतः भोगले होते. म्हणूनच १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होताच त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारपुढे ठेवले आणि त्यात उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्यांची मागणी केली. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती सुरू झाली. आपण आज ज्या योजनेला 'भारत सरकार शिष्यवृत्ती' म्हणतो ती हीच. ती कुणा पुढाऱ्याची मेहेरबानी नव्हे. ती बाबासाहेबांनी भांडून मिळविली आणि पुढे संविधानाच्या ४६ व्या कलमाने दुर्बल घटकांच्या शैक्षणिक हिताची जबाबदारी राज्यावर टाकली. मग ती मागताना मान खाली का घालावी?

आणखी एक गोष्ट नव्या पिढीला माहीत असावी. १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षा घेतल्यानंतर केंद्र सरकारने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलतींतून वगळले. महाराष्ट्र राज्याने १९६० पासून नवबौद्धांना सवलती दिल्या. पण केंद्राच्या सवलतींसाठी १९९० ची कायदादुरुस्ती होईपर्यंत थांबावे लागले. तीस-पस्तीस वर्षे मोर्चे निघाले, निवेदने दिली गेली. आज मुलाच्या अर्जावर 'अनुसूचित जाती' आणि 'बौद्ध' हे दोन्ही शब्द एकत्र लिहिता येतात ते त्या लढ्यामुळे.

भारत सरकार शिष्यवृत्तीत काय मिळते?

ज्यांच्या आईवडिलांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत आहे त्यांच्यासाठी ही शिष्यवृत्ती आहे. अकरावीपासून पदव्युत्तर शिक्षणापर्यंत ती मिळते. तिचे दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे सक्तीची फी : शिक्षण फी, परीक्षा फी वगैरे. जी रक्कम महाविद्यालय पुढे परत करते, म्हणजे अनामत, ती यात येत नाही. दुसरा भाग विद्यार्थ्याच्या खर्चासाठीचा शैक्षणिक भत्ता.

डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली. त्यातले ६० टक्के केंद्राचे, बाकीचे राज्यांचे. २०२१ च्या नियमांत भत्त्याचे चार गट केले आहेत. वैद्यकीय, अभियांत्रिकी यांसारख्या पदवी व पदव्युत्तर व्यावसायिक अभ्यासक्रमांना वसतिगृहात राहणाऱ्यास वर्षाला १३,५०० रुपये आणि घरून येणाऱ्यास ७,०००. इतर व्यावसायिक पदवी-पदविकांना ९,५०० आणि ६,५००. बी. ए., बी. कॉम., बी. एस्सी. यांसारख्या पदव्यांना ६,००० आणि ३,०००. अकरावी-बारावी, आय. टी. आय. यांना ४,००० आणि २,५००. दिव्यांग विद्यार्थ्यांना दहा टक्के जादा. एवढ्यात वर्ष निघत नाही हे आम्हालाही कळते. पण खरा आधार फीचा आहे. अभियांत्रिकीची फी हातमजुरी करणाऱ्या बापाला साऱ्या जन्मात भरता येणार नाही, ती या योजनेतून भरली जाते.

उत्पन्न अडीच लाखांच्या वर असेल तर "आपल्याला काही मिळत नाही" असे समजून कारकून, शिक्षक, पोलीस शिपाई अशा नोकरदार घरांतले लोक अर्जच करीत नाहीत. हा मोठा गैरसमज आहे. महाराष्ट्र सरकारची 'फ्रीशिप' योजना त्यांच्याचसाठी आहे. तीत शिक्षण फी आणि परीक्षा फी मिळते, फक्त भत्ता मिळत नाही. दहावीला ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळविणाऱ्या अनुसूचित जातीच्या मुलामुलींना अकरावी-बारावीत राजर्षी शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्ती आहे. दरमहा ३०० रुपये, दहा महिने. रक्कम लहान आहे, पण वह्या-पुस्तकांना हातभार लागतो.

काही अटी आधीच ध्यानात ठेवा. व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला असावा. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतलात तर शिष्यवृत्ती गेलीच म्हणून समजा. दलाल गोड बोलून सीट देतो, "स्कॉलरशिप नंतर बघू" म्हणतो आणि मग घरावर कर्ज चढते. खाजगी विद्यापीठात प्रवेश घेण्याआधी "या अभ्यासक्रमाला आमच्या मुलाला शिष्यवृत्ती लागू आहे काय?" हे लेखी विचारा. एका वेळी एकच शिष्यवृत्ती घेता येते. बी. ए. झाल्यावर पुन्हा बी. कॉम. करावे म्हटले, तर एकाच पायरीचे शिक्षण दुसऱ्यांदा म्हणून ती मिळत नाही. तेव्हा शाखा निवडतानाच नीट विचार करा.

राहायचे कुठे, जेवायचे काय?

खेड्यातला मुलगा शहरात शिकायला आला की फीपेक्षा खोलीचे भाडे आणि मेस यांचाच घोर मोठा असतो. समाजकल्याण विभागाची मागासवर्गीय मुला-मुलींची शासकीय वसतिगृहे जिल्ह्याच्या व तालुक्याच्या ठिकाणी आहेत. तिथे राहणे, जेवण मोफत असते. निकाल लागण्याची वाट न पाहता वसतिगृहाच्या अर्जाची चौकशी करून ठेवावी, कारण जागा थोड्या आणि मुले फार.

ज्यांना वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांच्यासाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर या शहरांत शिकणाऱ्याला भोजन, निवास व निर्वाह मिळून वर्षाला ६०,००० रुपये. इतर महसूल विभागीय शहरांत आणि 'क' वर्ग महापालिकांच्या ठिकाणी ५१,०००. बाकीच्या जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. तालुक्याच्या ठिकाणी ३८,०००. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. मागच्या परीक्षेत ५० टक्के गुण असावेत, दिव्यांगांना ४० टक्के. विद्यार्थी त्याच गावचा रहिवासी नसावा. ही रक्कम मात्र महिन्याच्या महिन्याला हातात पडत नाही, उशिरा येते. म्हणून पहिल्या चार-सहा महिन्यांची सोय घरातून, नातेवाइकांकडून किंवा विहाराच्या मदतीने करून ठेवावी. पुण्याच्या विद्यापीठात कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाची 'कमवा व शिका' योजना आहे. तीत काम करून शिकणाऱ्यालाही थोडा आधार मिळतो. काम करून शिकण्यात कमीपणा नाही.

फाईल दहावीतच तयार करा

आता मुख्य मुद्दा. आमचे पालकांना, विशेषतः मातांना, आग्रहाचे सांगणे आहे : मूल दहावीला गेले की बाजारातून एक प्लास्टिकची फाईल आणा आणि तिच्यावर मुलाचे नाव लिहा. घरातले रेशनकार्ड, विजेचे बिल, लाडक्या लेकाचे पहिले प्रगतिपुस्तक आई जशी ट्रंकेत जपून ठेवते, तशी ही फाईल जपा. तीत काय असावे?

जातीचा दाखला. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीपासून आपले घराणे या राज्यात राहत असल्याचा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबांचा शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, जन्ममृत्यूच्या नोंदी, जमिनीचे जुने कागद कामी येतात. आजोबा शाळेत गेले नसतील तर चुलत आजोबा गेले असतील. गावी जाऊन शोधा. आपल्यापैकी पुष्कळांच्या शाळेच्या दाखल्यावर नुसते 'बौद्ध' लिहिलेले असते. धर्म म्हणून ते अभिमानाचेच आहे. पण केंद्राच्या योजनांसाठीच्या दाखल्यात कोणत्या अनुसूचित जातीतून बौद्ध धम्म स्वीकारला, तो उल्लेख लागतो, आणि त्यासाठी वडिलांच्या किंवा आजोबांच्या मूळ जातीच्या नोंदीचा पुरावा लागतो. ज्या जातीचे नाव आपण टाकून दिले ते कागदावर पुन्हा लिहायचे, याचा काहींना सल वाटतो. आम्ही त्यांना म्हणतो, तो धर्माचा प्रश्न नाही. ज्या जुन्या अन्यायाची भरपाई मागायची त्या अन्यायाचा तो पुरावा आहे.

जात वैधता प्रमाणपत्र. हे जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती देते. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी ते लागतेच. बारावीचा निकाल लागल्यावर अर्ज करणाऱ्याची धावपळ होते. अकरावीतच महाविद्यालयामार्फत अर्ज करणारा निश्चिंत असतो. वडील, चुलते, आत्या, मोठा भाऊ अशा वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाची वैधता झाली असेल तर त्याची प्रत जोडा, काम सोपे होते.

उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून मिळतो आणि तो नव्याने काढावा लागतो. अर्जाच्या वर्षी कोणत्या आर्थिक वर्षाचा दाखला हवा ते पाहूनच काढा. याशिवाय अधिवास दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, आधारकार्ड, बँकेचे पासबुक. मध्ये एखादे वर्ष शिक्षण थांबले असेल तर त्याबद्दलचे प्रतिज्ञापत्र.

नावांची तपासणी आजच करा. दाखल्यावर 'सिद्धार्थ', आधारवर 'सिध्दार्थ', गुणपत्रिकेत वडिलांचे नाव एक आणि बँकेत दुसरे, अशाने अर्ज अडतो. आधार बँक खात्याशी जोडलेले आहे काय, हे बँकेत जाऊन विचारा. कारण पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. खाते वापरात नसेल तर ते बंद पडलेले असू शकते. आणि ज्या मोबाईल क्रमांकावर ओटीपी येतो तो क्रमांक बदलू नका. तो मामाचा किंवा सायबर कॅफेवाल्याचा नसावा, घरचाच असावा.

अर्ज भरल्यावर काम संपत नाही

महाराष्ट्रात या शिष्यवृत्तीचे अर्ज 'महाडीबीटी' या शासनाच्या ऑनलाइन पोर्टलवर भरावे लागतात. अर्ज पहिल्यांदा महाविद्यालयातील शिष्यवृत्ती विभागात जातो, तिथून तपासून समाजकल्याणच्या सहाय्यक आयुक्तांच्या कार्यालयात जातो आणि मंजूर झाला की रक्कम खात्यात जमा होते. मधल्या कोणत्याही टप्प्यावर त्रुटी निघाली तर अर्ज विद्यार्थ्याकडे परत पाठवितात. तो परत आला हे कोणी घरी येऊन सांगत नाही. म्हणून दर आठ-पंधरा दिवसांनी आपल्या खात्यात अर्जाची स्थिती पाहावी. अर्जाची छापील प्रत आणि अर्ज क्रमांक फाईलमध्ये ठेवावा. पासवर्ड वहीत लिहून ठेवावा आणि तो कुणाला देऊ नये.

दुसऱ्या वर्षी अर्ज आपोआप पुढे जात नाही. नूतनीकरण दरवर्षी करावे लागते. पहिल्या वर्षी शिष्यवृत्ती मिळाली आणि दुसऱ्या वर्षी अर्जच करायचा राहिला, असे पुष्कळांचे होते. हजेरी ७५ टक्के भरली पाहिजे. मुदतीच्या तारखा दरवर्षी बदलतात, वाढतातही. पण वाढेल या भरवशावर बसू नका.

आता एक नाजूक गोष्ट. पूर्वी फीची रक्कम सरकारकडून थेट महाविद्यालयाला जात असे. २०२१ च्या नियमांनंतर केंद्राचा वाटा विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. खात्यात एकदम तीस-चाळीस हजार दिसले की घरातल्या सगळ्या गरजा डोळ्यांपुढे उभ्या राहतात. पत्रा बदलायचा असतो, बहिणीचे लग्न ठरलेले असते, वडिलांचे औषध असते. पण त्यातला फीचा भाग आपला नाही, तो महाविद्यालयाचा आहे. तो ताबडतोब भरून पावती घ्या. तो खर्च झाला तर शेवटच्या वर्षी महाविद्यालय मूळ कागद अडवून धरते, परीक्षेला बसताना अडचण येते आणि मुलाच्या हातची नोकरी जाते. घरात कितीही नड असली तरी या पैशाला हात लावायचा नाही, असे आईनेच बजावून सांगावे. भत्ता मात्र मुलाचा आहे. त्यातून त्याची पुस्तके आणि प्रवास होऊ द्या.

आधी फी भरा, असे म्हणाले तर?

शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्याला प्रवेशाच्या वेळी पूर्ण फी रोख भरायला लावू नये, हाच या योजनेचा आशय आहे. २०२१ च्या नियमांत त्यासाठी 'फ्रीशिप कार्ड'ची तरतूद आहे. तरीही काही ठिकाणी खिडकीवर सांगतात, "आधी भरा, शिष्यवृत्ती आली की परत घ्या." गरीब बाप घाबरतो, सावकाराकडे जातो किंवा आईची पोत गहाण पडते.

अशा वेळी भांडण न करता शांतपणे एक अर्ज लिहा. "माझा पाल्य अनुसूचित जातीचा असून भारत सरकार शिष्यवृत्तीस पात्र आहे, त्याला फी न आकारता प्रवेश मिळावा," एवढे दोन ओळींत प्राचार्यांच्या नावाने लिहून, सोबत जातीचा व उत्पन्नाचा दाखला जोडून द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी बोलण्याला काही किंमत नसते, पोच घेतलेल्या कागदाला असते. नकार मिळाला तर तीच प्रत जोडून समाजकल्याणच्या सहाय्यक आयुक्तांकडे तक्रार करा. एकटे जाऊ नका. विहाराच्या समितीतले दोघे-चौघे बरोबर घ्या. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदाही आहे. अर्ज कुठे, कशामुळे अडला, हे त्याखाली विचारता येते.

रक्कम उशिरा येण्याने काय होते, हे आपण हैदराबादच्या रोहित वेमुलाच्या बाबतीत पाहिले. १७ जानेवारी २०१६ रोजी तो गेला. त्याच्या अखेरच्या पत्रात सात महिन्यांच्या थकलेल्या फेलोशिपचा उल्लेख होता. म्हणून पालकांनो, मुलाला महिन्यातून एकदा तरी विचारा : पैसे आले का, मेसचे किती देणे आहे, कुणी काही बोलले का? परगावी शिकणारे मूल घरच्यांना त्रास नको म्हणून पुष्कळ गोष्टी लपविते. आणि मुलांनो, तुम्हीही असे ओझे एकट्याने वाहू नका. शिष्यवृत्ती अडली तर त्यात तुमचा काही दोष नसतो. घरी सांगा, मित्रांना सांगा, विहारात सांगा.

पदवीच्या पुढची वाट

आय. आय. टी., आय. आय. एम., एम्स, एन. आय. टी., राष्ट्रीय विधी विद्यापीठे अशा संस्थांत प्रवेश मिळाला तर केंद्राची 'टॉप क्लास' शिष्यवृत्ती आहे. तिची उत्पन्नमर्यादा आठ लाख रुपये आहे. पीएच. डी. करणाऱ्यांसाठी अनुसूचित जातींची राष्ट्रीय फेलोशिप आहे. जानेवारी २०२३ पासून तिची रक्कम कनिष्ठ संशोधकाला दरमहा ३७,००० आणि वरिष्ठाला ४२,००० झाली. पुण्याची 'बार्टी', म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्था, हीही संशोधकांना अधिछात्रवृत्ती देते आणि स्पर्धा परीक्षांचे प्रशिक्षण चालविते.

परदेशी जायचे असेल तर दोन वाटा आहेत. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून आहे. तीत वर्षाला ७५ विद्यार्थी निवडले जातात. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत १२५ पैकी ११५ जागा अनुसूचित जातींसाठी, अट ६० टक्के गुणांची, वय ३५ च्या आत, उत्पन्न आठ लाखांपर्यंत. २०२२ मध्ये केंद्राने भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय या योजनेतून वगळले. ज्या बाबासाहेबांनी कोलंबियात असताना भारतातील जातींवर निबंध वाचला, त्यांनाही या नियमाने त्या विषयासाठी शिष्यवृत्ती मिळाली नसती! या विषयांच्या विद्यार्थ्यांनी राज्याच्या योजनेचे नियम पाहावेत.

शिष्यवृत्तीत न बसणाऱ्यांनी कर्जाचा विचार शेवटी करावा. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे. शैक्षणिक कर्जाची चौकशी बँकेबरोबरच तिथेही करावी. खाजगी सावकाराच्या दारी मात्र जाऊ नये.

विहाराने काय करावे?

आपण विहार बांधतो, मूर्ती आणतो, जयंतीला वर्गणी काढून रोषणाई करतो. यात गैर काही नाही. पण त्याच विहारात जून ते ऑक्टोबरपर्यंत दर रविवारी वंदना झाल्यावर दोन तास एक टेबल मांडता येणार नाही काय? वस्तीतला एखादा कॉलेजात शिकणारा मुलगा, एखादा निवृत्त कारकून, एखादी शिक्षिका असे तिघे बसले तरी पुरे. एका वहीत दहावीपासून वरच्या सगळ्या मुलामुलींची नावे लिहा. पुढे रकाने आखा : जातीचा दाखला, वैधता, उत्पन्न, आधार-बँक, अर्ज, नूतनीकरण. ज्याचा रकाना रिकामा त्याच्या घरी जा. जयंतीच्या वर्गणीतून शेकडा दहा रुपये बाजूला काढून ठेवले, तर शिष्यवृत्ती येईपर्यंत मेसचे पैसे उसने देता येतील. पैसे आल्यावर मुलाने ते परत करावेत, म्हणजे पुढच्याला मिळतील.

बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय उभे केले. हेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. स्वतः शिकले आणि आपल्या मागे दार उघडे ठेवून गेले. जे शिष्यवृत्तीवर शिकून आज अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक झाले आहेत, त्यांच्याकडे आमचे एकच मागणे आहे. आपल्या जुन्या वस्तीतल्या एका मुलाचा अर्ज दरवर्षी स्वतः बसून भरून द्या. त्याला दोन तास लागतात. त्या दोन तासांत एका घराची चार वर्षे वाचतात.

येत्या रविवारी विहारात जाल तेव्हा मुलांचे कागद बरोबर न्या. कुणाचा दाखला राहिला असेल तर सोमवारी तहसीलला जा.

जय भीम!